घरच्या डेस्कटॉपला स्वस्तात इंटरनेट हवं आहे: मोबाइल, डोंगल की फायबर?

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप जुना आहे, घर तालुक्याच्या गावापासून सहा किलोमीटरवर आहे, महिन्याला पाचशेच्या आसपास खर्च झेपेल आणि वापर म्हणजे मुलीचा ऑनलाइन क्लास, सरकारी फॉर्म आणि रात्री थोडे व्हिडिओ. डोंगल (सिम घालून कॉम्प्युटरच्या यूएसबीला खोचायचं छोटं यंत्र) घ्यावा की ब्रॉडबँड, म्हणजे तारेने घरात येणारं फायबर, असा तुमचा प्रश्न आहे.

माझा सल्ला असा की आत्ता लगेच काहीच विकत घेऊ नका. घरात अँड्रॉइड फोन असेलच, त्याच्यावर पंधरा दिवस कॉम्प्युटर चालवा आणि डेटा किती लागतो ते मोजा. दिवसाला २ जीबीच्या आत भागत असेल तर फोन पुरेसा आहे. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर फायबर घ्या. डोंगल अगदी शेवटी.

फोन वाय-फाय हॉटस्पॉटने नाही, यूएसबी केबलने जोडा. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा वाय-फाय नसतंच, आणि केबलने फोन चार्जही होत राहतो. केबल लावा, फोनच्या सेटिंगमध्ये ‘हॉटस्पॉट आणि टेदरिंग’मध्ये जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू करा. तो पर्याय पुसट दिसत असेल तर दोष जवळजवळ नेहमी केबलचा असतो. स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनसोबत आलेली मूळ केबल लावून पाहा, आणि ती कॅबिनेटच्या पुढच्या नाही, मागच्या पोर्टला लावा.

इथे एक गोष्ट विसरलात तर पहिल्याच सकाळी दिवसाचा डेटा संपेल. यूएसबी टेदरिंगला विंडोज साधं वायरचं नेटवर्क समजतं, त्यामुळे अपडेट्स बिनधास्त ओढायला लागतं. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे ‘इथरनेट’, आणि त्यात ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे डेटा मोजका आहे हे विंडोजला कळतं. त्याच भागात ‘डेटा यूसेज’मध्ये कोणत्या प्रोग्रामने किती डेटा खाल्ला ते दिसतं. तुमचं मोजमाप तिथूनच घ्या.

अंदाजासाठी सांगतो. ४८०पी दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी घेतो, ७२०पी एक ते दीड जीबी. बरीच मुलं असलेला व्हिडिओ क्लास तासाला १ जीबीच्या आसपास जातो, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला तर कमी. फॉर्म भरणं, ईमेल, पीडीएफ यांचा डेटा किरकोळच. म्हणजे रोज दीड तासाचा क्लास आणि तासभर ४८०पी व्हिडिओ धरला तर २ जीबी काठोकाठ भरतात. रोजचा कोटा संपला की वेग बहुतेक ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. २ एमबीची पीडीएफ चढवायला चार मिनिटांहून जास्त लागतात आणि तोपर्यंत फॉर्मचं पान टाइमआउट होतं. शेवटच्या तारखेचा फॉर्म रात्री भरायला बसाल तर हे लक्षात असू द्या.

घरात ५जी फोन असेल आणि गावात ५जी येत असेल तर गणित बदलतं. जिओ आणि एअरटेल दिवसाला २ जीबी किंवा त्यावरच्या बऱ्याच प्लॅनवर ५जी डेटा कोट्यात मोजत नाहीत. रिचार्जच्या अटींमध्ये ते तपासून घ्या. फोन मध्येच ४जीवर उतरला की मोजणी सुरू होते, म्हणून टेदरिंग करताना फोन खिडकीत ठेवा.

मोबाइलच्या मार्गात दोन अडचणी आहेत. रिचार्ज २८ दिवसांचा असला तर वर्षाला बारा नाही, तेरा भरावे लागतात. महिन्याचा खर्च काढताना ते धरा. दुसरी अडचण म्हणजे फोन घरातल्या कर्त्या माणसाचा असतो. तो घराबाहेर गेला की नेटही त्याच्याबरोबर जातं. दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की बऱ्याचदा डेटा थांबतो आणि मुलगी क्लासमधून बाहेर फेकली जाते. क्लास रोजचा असेल तर एवढ्या कारणासाठीसुद्धा फायबरचा विचार करावा असं मला वाटतं.

फायबरमध्ये ३० एमबीपीएसचा सर्वात खालचा प्लॅन तुम्हाला भरपूर आहे. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३.७५ एमबी, १ जीबीची फाइल साडेचार मिनिटांत उतरते. एका व्हिडिओ क्लासला ३–४ एमबीपीएस पुरतात. या प्लॅनना अनेकदा महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी. ती तुमच्याकडून संपणार नाही, तेव्हा ‘अनलिमिटेड’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी असतो: ३९९ चे ४७१ होतात, ४९९ चे ५८९. तुमच्या बजेटमध्ये पहिला बसतो, दुसरा नाही.

कंपनी कोणतीही असो, तुमच्या घरापर्यंतची शेवटची तार बहुधा स्थानिक माणूसच सांभाळतो. बीएसएनएलचं फायबरसुद्धा ठिकठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत येतं. खांबांवरून आलेली बारीक काळी ड्रॉप वायर हाच या मार्गाचा कच्चा दुवा आहे. उसाची उंच भरलेली ट्रॉली, वादळात पडलेली फांदी, माकडं, जेसीबी, काहीही निमित्त पुरतं. म्हणून त्याच लाइनवरच्या तीन घरांत जाऊन विचारा: मागच्या वेळी वायर तुटली तेव्हा किती तासांनी जोडली? केबलवाल्याकडे स्वतःचं स्प्लायसिंग मशीन (तुटलेलं फायबर जोडणारं यंत्र) आहे का, की ते तालुक्याहून मागवावं लागतं? उत्तर ‘दोन-तीन दिवस’ असेल तर शंभर रुपये स्वस्त मिळणारं ते कनेक्शन घेऊ नका.

जोडणीच्या दिवशी घरात हजर राहा. जोडणाऱ्याला पॉवर मीटर (तारेतल्या प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र) लावून घरातला सिग्नल दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं एकक) दरम्यान आकडा असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे असेल तर आज नेट चालेल, पण पुढे कनेक्शन सारखं तुटत राहील. टोकाला हाताने दाबून बसवलेला कनेक्टर लावण्यापेक्षा मशीनने जोडलेला पिगटेल (कनेक्टर आधीच बसवलेला फायबरचा छोटा तुकडा) टिकाऊ असतो, तोच मागा. फायबर दाराच्या फटीत दाबू नका, खिळ्याला गुंडाळू नका. वळण चहाच्या बशीपेक्षा लहान नको. पुढे कधी मॉडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला तर तार तुटली आहे किंवा कुठे मुडपली आहे असं समजा. अशा वेळी मॉडेम दहादा बंद-चालू करून काही होत नाही, सरळ फोन करा.

पैसे देताना मॉडेम तुमचा की त्यांचा, अनामत परत मिळते का, आणि सहा महिन्यांचे आगाऊ भरले तर मधेच सोडल्यावर काय, एवढं पावतीवर लिहून घ्या. पहिल्या वेळी महिन्याचाच प्लॅन घ्यावा.

फायबर पोहोचलंच नसेल तर छतावर यंत्र बसवून टॉवरवरून नेट देणारं एअरफायबर आहे. जिओने ते १९ सप्टेंबर २०२३ ला मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू केलं तेव्हा सुरुवातीचा प्लॅन ५९९ अधिक जीएसटी, म्हणजे ७०७ रुपये होता. तुमच्या बजेटच्या वर आहे, पण शेजाऱ्याबरोबर वाटून घेण्याचा मोह टाळा. भिंतीपलीकडे वाय-फाय कमी पोहोचतं आणि वापर कोणाचा यावरून वाद होतात.

आता डोंगल. त्यात वेगळं सिम, वेगळा रिचार्ज आणि सिग्नल फोनसारखाच, म्हणजे फोनपेक्षा हाती जास्त काही लागत नाही. कोणी जुना ३जी डोंगल स्वस्तात देत असेल तर घेऊच नका: जिओचं जाळं मुळातच ३जी नाही आणि एअरटेलने ३जी बंद केलं आहे. घरात सिग्नल अगदी कमकुवत असेल तरच बाहेरचा अँटेना असलेला सिमचा ४जी राउटर घ्यावा. फोनच्या ‘सिम स्टेटस’मध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ९० किंवा त्याहून चांगला असेल तर काळजी नाही. उणे ११० च्या खाली गेला तर राउटर वरच्या खिडकीत ठेवून फरक पडतो.

डेस्कटॉपला फायबरच्या मॉडेमपासून साधी लॅन केबल लावा. १०–१५ मीटरची तयार केबल काही शे रुपयांत मिळते आणि वर्षानुवर्षं चालते. मॉडेम दुसऱ्या खोलीत असून केबल नेणं शक्य नसेल तर यूएसबी वाय-फाय अडॅप्टर घ्या, पण तो कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टला थेट खोचू नका. तो पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अडथळा आणतो आणि पत्र्याची पेटीही सिग्नल अडवते. काळ्या पोर्टला हातभर एक्स्टेन्शन लावून अडॅप्टर टेबलावर ठेवा.

जुन्या मशीनवर हमखास दिसणारा एक घोळ असा की नेट जोडलेलं आहे, फोनवर चालतंय, पण कॉम्प्युटरवर प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. लोक नेटवाल्याला बोलावतात. खरं तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते आणि तारीख मागच्या सालात गेलेली असते. तारीख दुरुस्त करा, आणि सीआर२०३२ नावाची बॅटरी बदला. साध्या दुकानात मिळते.

शेवटी विजेचं. मॉडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. मॉडेमच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या. पण त्याआधी लोडशेडिंगच्या वेळी शेजारच्या घरी जाऊन पाहा. मॉडेमला इन्व्हर्टर असूनही तिथे नेट बंद पडत असेल, तर वाटेतल्या पेटीत केबलवाल्याचा विजेवर चालणारा स्विच आहे आणि त्याला बॅकअप नाही. मग तुमच्या घरचा यूपीएस काही कामाचा नाही. वाटेत फक्त विजेशिवाय चालणारे स्प्लिटर (एका तारेतला सिग्नल अनेक घरांना वाटणारे तुकडे) असलेली लाइन दुसऱ्या कोणाकडे मिळते का, ते विचारा.