प्रगतिपुस्तकावरचा ‘ब-१’ कशावरून ठरतो? आणि वर्ग बदलला की शिक्षकही बदलतात का?

तुम्ही लिहिलंय की सहावीतल्या तुमच्या मुलाला सहामाहीला गणितात ‘ब-१’ मिळाला. शेजारच्या मुलीलाही ‘ब-१’च. ती फटाफट गणितं सोडवते, तुमचा मुलगा मात्र साध्या अपूर्णांकात अडकतो. मग शिक्षक मोजतात तरी काय? आणि मुलं बदलली, पद्धती बदलल्या, की शिक्षक शिकवणं बदलतात का नुसत्या पाट्या टाकतात?

मी नाशिक जिल्ह्यात प्राथमिकला शिकवते. आधी दिंडोरी तालुक्यात होते, आता शहराच्या कडेच्या शाळेत आहे. आधी हिशेब सांगते, कारण तो बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलाच नसतो.

शिक्षण हक्क कायदा आल्यावर २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्याचे दोन भाग. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, छोटी चाचणी वगैरे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. (पाचवी आणि आठवी या दोन इयत्तांच्या वार्षिक परीक्षेचा विषय निराळा, तो इथे नको.) ७१ ते ८० गुण म्हणजे ब-१.

आता बघा. एका मुलाने वही नीट ठेवली, प्रकल्प सुबक केला, स्वाध्याय वेळेवर दिले. आकारिकला ४६, पेपरात २८. बेरीज ७४. दुसरीने प्रकल्प दिलाच नाही, वही अर्धी कोरी. आकारिकला ३२, पेपरात ४२. बेरीज ७४. दोघांनाही ब-१. तुमच्या घरात आणि शेजारी असंच झालं असण्याची शक्यता मला दाट वाटते. श्रेणी खोटी नाही, पण तिच्यावरून या दोघांना उद्या काय शिकवायचं ते कळत नाही.

ते कळतं चुकांवरून. तिसरीतली हातच्याची वजाबाकी घ्या: ५२ वजा १७. उत्तर ३५. दोन मुलांनी ४५ लिहिलं. लाल शाईने दोन फुल्या मारल्या की सब घोडे बारा टक्के. पण एकाला फळ्याजवळ बोलावून ‘कसं केलंस, सांग’ म्हटलं, तर तो म्हणतो, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.’ म्हणजे लहानातून मोठा अंक जात नाही म्हटल्यावर त्याने सरळ अदलाबदल केली. दशक मोडायचा असतो हे त्याच्या गावीच नाही. दुसरी म्हणते, ‘बारातून सात गेले, पाच राहिले, पाचातून एक गेला, चार.’ तिला सगळं येतं, फक्त दशक उसना घेतल्यावर तो कमी करायचा राहिला. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला बसवावं लागतं. दुसरीला दशकाच्या डोक्यावर छोटा आकडा लिहायची सवय लावली की काम झालं.

यात आणखी एक गंमत आहे. ५२ वजा १७ हे उदाहरणच फसवं आहे. त्याऐवजी ५२ वजा १८ दिलं असतं तर पहिल्याचं उत्तर ४६ आलं असतं आणि दुसरीचं ४४, म्हणजे न विचारताही चूक वेगळी दिसली असती. चांगला शिक्षक प्रश्न काढतानाच असा काढतो. मला विचाराल तर शिक्षकाची पारख तिथे होते, नोंदवहीत नाही. नोंदवहीतल्या वर्णनात्मक नोंदी तर तयार याद्यांवरून उतरवलेल्या असतात. ‘गणितीय क्रिया अचूक करतो’ हे वाक्य महाराष्ट्रात किती हजार मुलांच्या नावापुढे असेल, देव जाणे. पट मोठा, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, तेव्हा मी त्याबद्दल कुणाला फार बोल लावणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शिक्षक बदलतात, पण परिपत्रक आलं म्हणून क्वचित. समोरचं मूल नेहमीच्या साच्यात बसेना की बदलतात.

दिंडोरी-निफाडकडे ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला येतात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग काढणी. उन्हाळा लागला की परत. मुलं सत्राच्या अधेमधे पटावर येतात, कुणाकडे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला नव्या शाळेत दाखवायला आधीच्या शाळेने दिलेलं) असतं, कुणाकडे काहीच नसतं. घरची बोली कोकणा, म्हणजे तिकडच्या आदिवासींची; पुस्तकातली मराठी परकी. अशी एक मुलगी चौथीत आली. तोंड उघडायची नाही. तोंडी कामाचे गुण द्यायचे तर शून्यच. वहीत ५०० वजा ३६५ मांडून दिलं, तर शून्यांपाशी पेन थांबलं. एक दिवस गणित पेटीतल्या खोट्या नोटा काढून दुकान-दुकान मांडलं, ती दुकानदार. ३६५ चा माल आणि तिच्या हातात पाचशे. तिने आधी पाच सुटे ठेवले, मग दहाच्या तीन, मग शंभराची एक. एकशे पस्तीस, तेही एक शब्द न बोलता. किराणा दुकानात मोड घेताना-देताना जे पाहिलं होतं ते तिला पक्कं येत होतं. उभी मांडणी येत नव्हती. त्यानंतर शून्यं असलेली वजाबाकी मी सगळ्याच वर्गाला आधी अशी पुढे मोजत शिकवते, उभी मांडणी मागाहून. गावातल्या मुलांनाही ते सोपं गेलं.

करोनानंतर हेच मोठ्या प्रमाणावर करावं लागलं. तिसरीत बसलेली मुलं पहिली-दुसरी शाळेत न येताच वर आली होती. इयत्तेचं पुस्तक उघडण्यात अर्थ नव्हता. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा टप्प्यांवर प्रत्येकाला समोर बसवून वाचून घ्यायचं आणि रोज काही वेळ इयत्ता सोडून टप्प्याप्रमाणे गट करायचे; ‘प्रथम’ संस्थेची ही पद्धत जुनीच, पण तेव्हा खरी उपयोगी पडली. वाचून घेताना धडा मात्र अनोळखी हवा. पाठ्यपुस्तकातला धडा मुलं पाठ म्हणतात, बोट भलत्याच ओळीवर असतं. ‘भाग संपवायचाय’ म्हणून गट न करणारेही शिक्षक होते. वरून भाग किती झाला हेच विचारलं जात असेल, तर ते तरी काय करणार?

तुम्ही एवढं करा. पालकसभेची वाट न बघता वर्गशिक्षकांना भेटा आणि श्रेणी बाजूला ठेवून उत्तरपत्रिका बघायला मागा. अपूर्णांकांची चुकलेली उदाहरणं काढा. १/२ + १/३ चं उत्तर त्याने २/५ लिहिलं असेल, तर छेद म्हणजे काय हेच डोक्यात बसलेलं नाही; पोळीचे, कागदाचे तुकडे करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. ३/६ + २/६ पर्यंत आला असेल आणि पुढे बेरीज चुकली असेल, तर काळजीचं कारण नाही. बाईंना किंवा सरांना इतकंच विचारा, ‘हा नेमका कुठे अडकतो?’ ज्यांनी त्याच्याकडून तोंडी करून घेतलंय ते लगेच सांगतील. जे ‘अभ्यास वाढवा’ म्हणतील, त्यांच्यासमोर त्याला एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला लावा. दहा मिनिटं पुरतात.