अनुभवाचा दाखला मिळत नाही, काय करू?

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागमधील एका मशीन शॉपमध्ये सात वर्षे सीएनसी लेथ चालवतो. पीएफ कापला जातो, पण पगार दर महिन्याला लांबतो, म्हणून कागलच्या एमआयडीसीत प्रयत्न करावा असे वाटते. नेमणूकपत्र कधी मिळाले नाही आणि मालक अनुभवाचा दाखला द्यायला तयार नाहीत. सात वर्षे पाण्यात गेली का?
– एक वाचक, मच्छे

उत्तर : नाही. आपली सात वर्षे भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात महिन्यागणिक नोंदलेली आहेत. आपल्या बारा आकडी यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ) क्रमांकावरून ते पासबुक काढा. त्यावर कारखान्याचे नाव आणि दरमहा भरलेली रक्कम असते. त्याला पगार जमा होणाऱ्या बँक खात्याचा उतारा आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड जोडले, की मालकाच्या सहीवाचूनही आपण कुठे आणि किती काळ काम केले हे दाखवता येते. ही कागदपत्रे हातात येईपर्यंत रागाच्या भरात राजीनामा देऊ नका.

दुसरी गोष्ट मी कळकळीने सांगतो, कारण कार्मिक विभागात काम करताना ही चूक मी अनेकांच्या हातून घडताना पाहिली आहे. नोकरी सुटली की बहिणीच्या लग्नासाठी किंवा घराच्या डागडुजीसाठी पीएफ आणि त्याबरोबर पेन्शनचा हिस्साही काढून घेतला जातो. मालकाच्या १२ टक्के वर्गणीतील ८.३३ टक्के भाग, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंत, पेन्शन योजनेत जातो आणि मासिक पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. आपली सात झाली आहेत. नोकरी सोडल्यावर पेन्शनचा हिस्सा काढलात तर ती पुसली जातील आणि कागलला पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजणी सुरू होईल. नव्या कारखान्यात हाच यूएएन द्या आणि खाते तिकडे वर्ग करून घ्या.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर ग्रॅच्युइटीही आपल्या हक्काची आहे. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये असतील, तर त्याला २६ ने भागून दिवसाचे ६०० रुपये, वर्षाला पंधरा दिवसांचे ९,००० आणि सात वर्षांचे ६३,००० रुपये होतात. ही रक्कम लेखी अर्ज करून मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

मुलाखतीत मात्र कागदापेक्षा हात पाहिला जातो. समोर ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर ठेवून विचारतील : व्यास २५ मिलिमीटर हवा, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दोन्ही बाजूंना ०.०२ आहे आणि जॉब २५.०३ भरला, तर काय कराल? एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराच्या झिजेसाठी मशीनवर भरायच्या दुरुस्तीत) उणे ०.०३ देऊन फिनिशिंगचा पास पुन्हा घेईन, असे उत्तर सहज देता आले, तर दाखल्याची उणीव फारशी जाणवणार नाही. पगार ठरवताना खोलीचे भाडे धरा. निपाणीहून कागलला रोज ये-जा करता येते, मच्छ्याहून ते झेपणार नाही.

प्रश्न : महाराष्ट्र शासनाच्या भरतीत सीमाभागातील उमेदवारांना अर्ज करता येतो का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिकांसाठी तशी तरतूद जाहिरातींमध्ये असते. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा रहिवासाचे पुरावे आणि शाळा सोडल्याचा दाखला आतापासून एकत्र ठेवा.

प्रश्न : माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले, पुढे मी बी.कॉम. केले. बेळगावातील एका कार्यालयात लागून चार महिने झाले. वरिष्ठ कन्नडमधून भराभर कामे सांगतात, अर्धे कळत नाही, चुका होतात आणि सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागते. नोकरी सोडावी का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, इतक्यात सोडू नका. आपल्याला हिशेब येत नाही असे आपण कुठेही लिहिलेले नाही. अडचण भाषेची आहे, आणि कार्यालयात रोज लागणारी वाक्ये मोजकीच असतात. एका लहान वहीत ती देवनागरीत लिहून काढा. ‘इन्नोम्मे हेळि’ म्हणजे पुन्हा एकदा सांगा, ‘बरेदु कोडि’ म्हणजे लिहून द्या, ‘नाळे कोडुत्तेने’ म्हणजे उद्या देते. अण्णा, अक्का, तूप हे शब्द दोन्ही भाषांत नांदतात, त्यामुळे कन्नड आपल्या कानाला मुळीच परकी नाही. ती शिकल्याने आपल्या मराठीला कसलाही उणेपणा येत नाही, हे मी सीमाभागात राहूनच सांगतो आहे.

वरिष्ठांना एकांतात भेटा आणि ‘मी भाषा शिकते आहे, तोवर महत्त्वाचे काम कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर द्यावे,’ अशी विनंती करा. काम हाती घेताना ते काय आणि कधीपर्यंत हवे, हे आपल्या शब्दांत त्यांना एकदा सांगून खात्री करून घ्या. त्यानंतरही चारचौघांत पाणउतारा होतच राहिला, तर तारीख आणि प्रसंग त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर नोंदवत चला आणि दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा.