रविवारचा वीजखंड आणि फ्रीजमधले मटण

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. दुरुस्तीच्या कामासाठी येत्या रविवारी सकाळी 9 ते सायंकाळी 5 वीज बंद राहील, अशी सूचना वर्तमानपत्रात आली आहे. मागच्या खेपेस दूध नासले आणि उरलेले मटण टाकावे की ठेवावे यावरून घरात वाद झाला. सासूबाईंचे इन्सुलिनही फ्रीजमध्येच असते. काय करावे?

उत्तर : दार उघडले नाही, तर फ्रीज साधारण 4 तास पुरेसा थंड राहतो, तुमचा खंड 8 तासांचा आहे, म्हणजे उरलेल्या वेळेची सोय बर्फाने करावी लागेल. शुक्रवारी रात्रीच स्टीलच्या डब्यांत पाणी भरून, फुगण्यापुरती जागा सोडून, ते गोठवण्यास ठेवावे. एकसंध मोठा गोळा सुट्या खड्यांपेक्षा सावकाश वितळतो. रविवारी वीज जाण्यापूर्वी हे डबे परातीत घालून वरच्या कप्प्यात ठेवावेत, कारण थंड हवा खाली उतरते. दुपारच्या स्वयंपाकाला लागणारे सारे 9 च्या आत बाहेर काढावे आणि मुलांना दाराला हात लावू देऊ नये, हे सांगणे सोपे असले तरी.

दूध सकाळीच तापवून लागेल तेवढे वापरावे व बाकीच्याला विरजण लावावे. मटण एका जेवणापुरतेच आणावे. शिजवलेले मटण, भात किंवा डाळ 5 अंशांच्या वर 2 तासांहून अधिक राहिली असेल, तर वास चांगला असला तरी टाकून द्यावी. पुन्हा उकळी आणली की भागते, ही समजूत धोक्याची आहे, कारण काही जिवाणूंनी तयार केलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. तेव्हा मागच्या वादात टाकायला सांगणाऱ्यांचेच बरोबर होते, असे आम्हांस वाटते. लोणचे, लोणी आणि अख्ख्या भाज्यांची काळजी नको.

इन्सुलिन काही तास थंडावा कमी झाल्याने सहसा बिघडत नाही, गोठल्यास मात्र निकामी होते; म्हणून ते बर्फाला न टेकवता खालच्या कप्प्यात ठेवावे. सध्या वापरात असलेली कुपी उन्हापासून दूर, घरातील थंड जागी राहिली तरी चालते.

वीज जाताच फ्रीजचे बटण बंद करावे आणि आल्यानंतर दाब स्थिर होईपर्यंत, निदान 10 मिनिटे, ते सुरू करू नये.