समुद्राची ओढ आणि मोजणीची चिकाटी

चि. लेकी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बारावीचा निकाल लागल्यापासून बाबा फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आग्रह धरतात, मामांना सरकारी खात्यातील कायमची नोकरी बरी वाटते, आणि तुला मात्र सागरविज्ञान शिकायचे आहे, कारण झुवारी नदीच्या काठी सुकतीच्या म्हणजे ओहोटीच्या वेळी तिसऱ्यांचे शिंपले वेचता वेचता समुद्राचे वेड लागले, असे तू लिहितेस. मामांची काळजी मी समजू शकतो. पण ज्या कामाला किती जागा निघतील आणि कधी निघतील हे आपल्या हाती नाही, त्यावर संपूर्ण शिक्षण बेतू नये.

तुझी ओढ खरी आहे. ती नेमकी कशाची आहे, एवढे मात्र तपासून घे. दोना पावला येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणी प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, काम करणारा माणूस बारीक जाळे पाण्यात सोडतो ते थोडा वेळ. त्यानंतर कित्येक दिवस तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जाळ्यात आलेले जीव ओळखत आणि मोजत बसतो. रसायनशास्त्राचा अभ्यासक बाटलीमागून बाटली घेऊन पाण्याची क्षारता आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो. शिवाय या सगळ्या नोंदींचा अर्थ लावायला संख्याशास्त्र लागते, आणि गणिताची भीती वाटते असे तू लिहिले आहेस, म्हणून हे आधीच सांगतो.

आपल्या कोसबेन गावात 1907 साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. नाणे हातोहात फिरताना झिजते आणि त्याचे वजन घटते, हे धरून त्यांनी हजारो प्राचीन नाणी एकेक करून काट्यावर तोलली आणि त्या आकड्यांतून इतिहास वाचला. इतिहासाची आवड पुष्कळांना असते. तोलण्याची ही चिकाटी फार थोड्यांजवळ असते.

मी तुझ्या वयाचा असताना प्रयोगशाळेतील बदलते रंग आवडले म्हणून रसायनशास्त्र घेतले. पुढे एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात चार वर्षे त्याच गोळ्यांची तीच चाचणी केली, आणि रोज सकाळी बसमध्ये चढताना जीव जड व्हायचा. कामात खोट नव्हती. ते माझ्या स्वभावाचे नव्हते. नवीन आलेल्या मुलांना चाचणीमागचे कारण समजावताना वेळ कसा जातो हे कळत नाही, हे ध्यानात आले तेव्हा मी शिक्षक झालो. ती चार वर्षे तुझी जाऊ नयेत, असे मनापासून वाटते.

म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी एक महिना एवढे कर. काठावरची एक चौरस मीटर जागा आखून घे आणि रोज सुकतीला तिथे जाऊन दिसेल तो प्रत्येक जीव मोजून वहीत लिही. सुकतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कधी भल्या पहाटे उठावे लागेल, कधी भर उन्हात उभे राहावे लागेल. काळोखात जाताना घरच्या कोणाला तरी सोबत ने. विसाव्या दिवशी मोजणी टाळावीशी वाटते की कालच्यापेक्षा आज खुब्यांचे शिंपले कमी का, हा प्रश्न तुला घराबाहेर काढतो, हे बघ. प्रश्न बाहेर काढत असेल, तर प्राणिशास्त्रात पदवी घे. पुढे गोवा विद्यापीठात सागरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि गणिताची तयारी आपण दोघे मिळून करू. याउलट आकड्यांचे रकाने रिकामे राहून समासात शिंपल्यांची चित्रेच भरत गेली, तर तेही महत्त्वाचे समज, कारण तुझा हात चांगला आहे आणि आल्तिनोवरचे कला महाविद्यालय काही दूर नाही.

बाबांशी मी बोलेन, पण महिना झाल्यावर. तेव्हा वही घेऊन फोंड्याला ये. खाडाखोड असली तरी पाने फाडू नकोस.

तुझा,
सर