पावसाळ्यात खांडसहून भीमाशंकरला चालत जायचंय. ऑगस्टअखेर जावं की सप्टेंबरात? आणि चिखलासाठी कोणते बूट घ्यावेत?

‘कोणते बूट’ वाचलं आणि राहवलं नाही. महिन्याचं नंतर सांगतो, आधी बुटांचं.

बुटांनी फरक पडतो, पण तुम्हाला वाटतो त्याच्या पाव हिश्श्याने. तळाचा रबर मऊ हवा आणि खाचा खोल हव्यात. हजार-बाराशेचे काळे बूट घालून अर्धा महाराष्ट्र सह्याद्री चढतो, ते पुरतात. पाणी आत जात नाही अशी जाहिरात असलेले महागडे बूट आमच्या पावसात कुचकामी, कारण पाणी शिवणीतून नाही, वरून घोट्यातून शिरतं, आणि एकदा शिरलं की तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही पायांत दोन बादल्या घेऊन दिवसभर चालायचं. झालं, बुटांचं उत्तर संपलं. आता खरं काय ते.

मी बदलापूरला राहतो. पहिली लोकल धरून नेरळ, तिथून कशेळेमार्गे खांडस, हा माझा गेली तेरा वर्षं ठरलेला रविवार. दर वेळी घरी आल्यावर वाटेची स्थिती एका वहीत लिहितो. तारीख, नक्षत्र, आधीच्या चार दिवसांत पाऊस होता की उघडीप, कुठल्या टप्प्यावर चिखल किती, ओढ्याला पाणी कुठवर, शेवाळ कुठल्या रंगाचं. नक्षत्र लिहितो म्हणून हसू नका. इंग्रजी महिना पावसाला कळत नाही, नक्षत्रं निदान पंधरवड्याची असतात आणि गावातल्या माणसाला विचारायला सोपी पडतात.

सहा वर्षांपूर्वी, गणपती उठल्यानंतरच्या रविवारी, आमचे भावोजी म्हणाले, मलाही ने. थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी त्याच आठवड्यात अकरा हजारांचे बूट घेतले होते आणि ते कुठेतरी मिरवायचे होते. मी म्हटलं चला, गणेश घाटाने जाऊ. लांब पडतो, पण वाट रुंद, पदरगडाच्या सुळक्याच्या बगलेने निवांत वर जाते.

खांडसच्या पुढे पुलापाशी दोन वाटा फुटतात. तिथे भावोजी थांबले. "शिडी घाट म्हणतात तो हा का?" हाच, म्हटलं, पण आज नको. "का? पाऊस कुठाय?" पाऊस खरंच नव्हता. चार दिवस कडक ऊन पडलं होतं, आभाळ धुतल्यासारखं निळं. मी सॅकमधून वही काढली आणि आदल्या वर्षीचं पान वाचून दाखवलं: ‘उत्तरा. तीन दिवस उघडीप. शिड्यांच्या वरची आडवी कातळपट्टी, काळं शेवाळ. पाऊस असता तर बरं झालं असतं.’

भावोजी म्हणाले, "सातबारा वाचतोयस का?" आणि बरोबरचे दोघे खो खो हसले. मीही हसलो. आता धाकट्या मेहुण्याने थोरल्या भावोजींना चारचौघांत नाही कसं म्हणायचं? म्हणायला हवं होतं. ती चूक माझी, आणि ती मी कधीच नाकारलेली नाही.

शेवटी शिडी घाटानेच गेलो. वाटेतल्या तिन्ही शिड्या ते मस्त चढले. लोखंडी शिडी हाताने धरता येते, मन जागं असतं, तिथे सहसा कोणी पडत नाही. घात झाला तो वरच्या पट्टीवर. हात टेकायची गरज नाही अशी, किंचित बाहेर कललेली, चार-पाच पावलांची जागा. वरून झिरपणारं पाणी सुकत आलेलं, त्यामुळे दगड नुसता ओलसर काळा दिसत होता. ते शेवाळ हिरवं नसतं, लोंबत नाही, मखमलीसारखं फुगत नाही. दगडाला कोणीतरी काळा साबण चोळून ठेवावा तसा एक पातळ थर, आणि नखाने खरवडला तर नखात हिरवट गाळ येतो. भावोजींनी अकरा हजार त्यावर ठेवले आणि पाय असा गेला की त्यांना ओरडायलाही वेळ मिळाला नाही. कातळावर आडवे आपटले, डावा हात खाली. नशीब की दरीकडे नाही, डोंगराकडे कलंडले. मनगट क्षणात वाकडं.

आम्ही तिघे त्यांना धरून कसेबसे बसवत होतो, तेवढ्यात खालून एक मावशी आली. डोक्यावर किराण्याची गोणी, पायात प्लास्टिकच्या चपला. तिने त्याच पट्टीवर पाऊल ठेवलंच नाही. कातळ आणि माती जिथे भेटतात तिथे बोटभर गवताची किनार होती, त्या किनारीवर टाचा रोवत, एक पाय एका मुळीवर, दुसरा गवताच्या बुडख्यावर, अशी ती पाच पावलांत पलीकडे. वळून म्हणाली, "दगुड सुकाया लागला का त्यावर चालू नये." एवढं बोलून पुढे गेली. माझ्या वहीत जे सात वर्षांत पन्नास पानं झालं होतं, ते बाईने एका वाक्यात संपवलं.

पदरवाडीत पोहोचल्यावर एका घरी चहा मिळाला आणि छत्रीच्या दांड्याला पंचा गुंडाळून हात बांधून दिला. वर देवळापर्यंत चढून एसटीने मंचरला जायचं की परत खांडसला उतरायचं, यावर अर्धा तास वाद. शेवटी गणेश घाटाने उतरलो. तीन तास. भावोजी एक शब्द बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत फ्रॅक्चरपेक्षा मोठं लक्षण होतं.

आता दुखणं सांगतो. त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, बारशात, सत्यनारायणाला ते हीच गोष्ट सांगतात आणि शेवट असा करतात: "बुटांनी दगा दिला." दुकानात जाऊन भांडूनही आले. वहीचं पान कुठेच येत नाही. त्यामुळे कोणी ‘चिखलासाठी कोणते बूट’ विचारलं की मला समोर भावोजीच दिसतात. माफ करा, राग तुमच्यावर नाही.

तर वाट कधी दगा देते, ते ऐका. मृगाच्या पहिल्या सरींत वाट निसरडी कमी आणि चिकट जास्त. उन्हाळाभरच्या धुरळ्याचा लगदा होतो, बुटाखाली दोन बोटं थर चढतो, आणि रानात पानगळीचा भिजलेला गालिचा घसरवतो. आर्द्रात आणि पुनर्वसूत (पुनर्वसूच्या पावसाला लोक तरणा पाऊस म्हणतात) वाटेचाच ओहोळ होतो. नवख्याला ते बघून धडकी भरते, पण वाहतं पाणी चिखल धुऊन नेतं, खालचा खरखरीत दगड उघडा पडतो, आणि त्या पाण्यातच पाय टाकत गेलं तर पकड चांगली मिळते. भीती घसरण्याची नसते, ओढ्यांची असते. पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. थांबायचं किंवा मागे फिरायचं, पलीकडच्या काठावर गरम भजी असली तरी.

पुष्यात, म्हणजे म्हाताऱ्या पावसात, साधारण २० जुलै ते २ ऑगस्ट, मी घाटाखाली जातच नाही. दरडी कोसळल्या त्या तारखा बघा. माळीण ३० जुलै २०१४. तळीये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ची रात्र, पुष्य लागता लागता. महाडकडचं दासगाव आणि जुई, तेही २००५ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. चार तारखांवरून नक्षत्राचा नियम होत नाही हे मलाही कळतं. पण दीड महिना पाणी पिऊन डोंगर फुगलेला असतो आणि त्यावर एकदम मुसळधार कोसळते, हे कारण पंचांगाशिवायही पटण्यासारखं आहे. लोक ज्या डोंगराखाली गाडले गेले तिथे आपण सेल्फीला कशाला जावं?

श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला की शेवाळाची चैन. शिवाय श्रावणी सोमवारी गणेश घाटाने भाविकांची रीघ लागते आणि हजारो पायांनी तुडवलेल्या वाटेचं शेणखत होतं. सोमवार आणि त्याचा मंगळवार टाळा.

आणि सगळ्यांत वाईट काळ तोच, जो सगळ्यांना सगळ्यांत चांगला वाटतो. पूर्वा-उत्तरा, सप्टेंबरातली उघडीप. माझी खूण सोपी आहे: तेरडा फुलून कडेचे उतार गुलाबी झाले की कातळावर भरवसा नाही. तेरडा सरून सोनकीने माळ पिवळे झाले की वाट आवळत आली समजायचं, मग फक्त दुपारच्या विजा सांभाळायच्या. झाडीतला, ऊन न पोहोचणारा चिखल मात्र दिवाळीपर्यंत हटत नाही.

तेव्हा तुमचं उत्तर: महिना विचारू नका, आधीचे चार दिवस विचारा. रिमझिम सलग चालू असेल तर ऑगस्टअखेर खुशाल जा. तीन-चार दिवस ऊन पडलं असेल तर फक्त गणेश घाट. शिडी घाट पावसाळ्यात तुमच्यासाठी नाहीच. तुम्ही पहिल्यांदा जाताय हे प्रश्नावरूनच कळतं.

आता राहिलेलं. मी लिहितोय ते खांडसच्या वाटेबद्दल. कोयना-चांदोलीच्या रानात गेलात तर जळवा असतात, तिथला हिशेब वेगळा. हल्ली पावसाळ्यात धबधबे आणि अवघड वाटांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, तेव्हा निघायच्या आधी बघून घ्या. भीमाशंकर अभयारण्य आहे, शेकरूचं घर आहे, स्पीकर घरी ठेवा. आणि वही असूनही मी स्वतः दोनदा सपशेल आपटलोय, एकदा तर अंगणासारख्या सपाट जागी, म्हशींनी तुडवलेल्या चिखलात. ते भावोजींना माहीत नाही.

बुटांचं एक राहिलंच. आल्यावर उन्हात वाळवू नका, चिकटवलेला तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत ठेवा. सॅकमध्ये दोन हात सुतळी असू द्या, तळ वाटेतच सुटला तर बांधायला.

भावोजींचे ते बूट दुकानाने परत घेतले नाहीत. ताईने रागाने आमच्याकडे पाठवून दिले, ते अजून माळ्यावर पडलेत. नऊ नंबर. एकच दिवस वापरलेले. कोणाला हवे असतील तर कळवा.