आठवणींच्या पानावर सापडलेली पॉलिसी

पुण्याच्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. फेब्रुवारीत लग्न आहे, दिवेआगरला, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत. प्रश्न एका ओळीचा आहे: "८ लाख कमी पडतायत, पर्सनल लोन घेऊ की म्युच्युअल फंड मोडू?" सोबत पाहुण्यांना पाठवायला केलेली आठ पानांची पीडीएफ जोडलीये, म्हणजे सर, तुम्हाला खर्चाचा अंदाज येईल, असं लिहून.

पीडीएफ झकास झालीये हे आधी सांगतो. चांदणी चौकातून पिरंगुट, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा रस्ता काढून दाखवलाय, घाटात रेंज जाते तेव्हा मॅप आधीच डाऊनलोड करा अशी सूचना आहे, शुक्रवारी रात्री "आठवणींची मैफल", शनिवारी हळद आणि संध्याकाळी सीमांतपूजन, रविवारी सकाळचा मुहूर्त, मग पंगत. कानपिळीसाठी नवरीच्या भावाने काय मागायचं यावर पाहुण्यांकडून सूचनासुद्धा मागवल्यात. पान ५ आणि ६ मैत्रीच्या आठवणींना दिलंय. दोघं भेटली पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमीत, भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचा" ओरडून घसे बसलेले, सेटसाठी लाकूड आणायला पैसे नव्हते तेव्हा एका मित्राने घरी न सांगता ३ हजार दिले, फायनलच्या आदल्या रात्री बारा जण एका खोलीत झोपले, वगैरे. वाचताना मी पण कॉलेजात जाऊन आलो.

आणि त्या पान ६ वर, त्याच मित्राच्या फोटोखाली ही ओळ: "आज बँकेत मोठा माणूस झालाय पण आम्हाला विसरला नाही, दोन वर्षांपूर्वी याची पॉलिसी त्यानेच काढून दिली आणि गेल्या महिन्यात लग्नाची भेट म्हणून हिचीही!"

लग्नाची भेट म्हणे. हप्ता कोणी भरला? तुम्हीच.

मी लगेच उलट मेल करून विचारलं, तिच्या पॉलिसीचा कागद कधी हातात आला. २८ नोव्हेंबरला. पत्र मला मिळालं १६ डिसेंबरला. म्हणून हे उत्तर छापायच्या आधीच मी त्यांना त्या एका गोष्टीचं उत्तर कळवून टाकलंय, कारण पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लुकचे असतात, त्यात पॉलिसी परत केली की भरलेला हप्ता परत मिळतो, त्यातून झालेल्या दिवसांपुरता विम्याचा खर्च, मेडिकल झालं असेल तर ते आणि स्टँप ड्युटी एवढंच कापतात. २८ डिसेंबर उलटला की हप्त्याचे हेच दीड लाख काढायला रडावं लागेल. लोन की फंड हा प्रश्न जानेवारीतही सुटला असता, हा नाही.

आता पॉलिसी काय आहे ते बघू. दोघांची सारखीच आहे. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ३० लाख हातात. "गॅरंटीड डबल", असं मित्र म्हणाला. अहो, डबल होतायत ते किती वर्षांत ते बघा ना. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं, म्हणजे सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की ढोबळ व्याजदर कळतो, तर ७२ ला साडेपंधराने भागा, ४.६ टक्के. तेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून (नंतर खातं चालू राहायला वर्षाला ५०० रुपये टाकायचे आणि १५ वर्षांनी पाच वर्षांची मुदतवाढ घ्यायची) सध्याचे ७.१ टक्के धरले तर विसाव्या वर्षी ४४ लाख होतात. हा व्याजदर दर तिमाहीला बदलू शकतो हे मान्य, पण १४ लाखांची दरी भरायला तो बराच खाली यावा लागेल. आणि टॅक्स वाचतो म्हणून घेतली असं पत्रात लिहिलंय, तर पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय की दोघंही नव्या कररचनेत आहेत. त्यात विम्याच्या हप्त्याची वजावट मिळतच नाही. काय वाचलं मग?

वर विमा किती, तर १५ लाख. नवऱ्या मुलाच्या नावावर आई-बाबांच्या नाशिकच्या फ्लॅटचं २६ लाखांचं कर्ज आहे, हेही ओघात आलंय. म्हणजे उद्या काही झालं तर या विम्यातून ते कर्जसुद्धा फिटत नाही. तिशीच्या निर्व्यसनी माणसाला १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) वर्षाला ढोबळ १२-१५ हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. दीड लाखात १५ लाख किंवा पंधरा हजारात एक कोटी. मी हे गेली कित्येक वर्षं लिहितोय आणि दर डिसेंबर ते मार्च मला हीच पत्रं येतात, फक्त विकणारा बदलतो, कधी मावशी, कधी मामेभाऊ, कधी बँकेतला मित्र. माझी स्वतःची पहिली पॉलिसी सोसायटीच्या सेक्रेटरींनी गळ्यात मारली होती, पार्किंगचा वाद चालू होता, नाही म्हणायची सोय नव्हती.

तिच्या पॉलिसीचं ठरलं. कंपनीला, मित्राला नाही, कंपनीला ईमेलने फ्री लुकचा अर्ज करायचा, कारण "अटी मान्य नाहीत" एवढंच, आणि पोच जपून ठेवायची. मग फोन येतील. मॅडम, बोनस बुडेल, आता काढू नका, एक वर्ष तरी ठेवा. एक वर्ष ठेवा म्हणजे फ्री लुक संपू द्या. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामक इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, तिथेही नाही जमलं तर विमा लोकपाल, त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.

नवऱ्या मुलाच्या पॉलिसीचं जरा किचकट आहे. दोन हप्ते गेलेत, तिसरा जानेवारीत आहे आणि त्यासाठी दीड लाख बाजूला काढून ठेवलेत. तो भरू नका. मग राहतात दोन रस्ते. एक, सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडून, जे मिळेल ते घ्यायचं. दोन, पेड-अप करायची, म्हणजे पुढे काही भरायचं नाही आणि दहापैकी दोन हप्ते भरले म्हणून ३० लाखांचा पाचवा भाग, ६ लाख, आजपासून १८ वर्षांनी घ्यायचे. लोक रागाच्या भरात सरेंडर करतात, तसं करू नका, आधी कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. माझं गणित असं: १८ वर्षांत पीपीएफच्या दराने ६ लाख व्हायला आज साधारण पावणेदोन लाख लागतात. सरेंडरचे त्याहून जास्त मिळत असतील तर घेऊन मोकळे व्हा, सव्वा लाखच देत असतील तर पेड-अप करून विसरून जा, कारण सव्वा लाखाचे सहा व्हायला नऊ टक्क्यांच्या वर परतावा लागतो आणि तो खात्रीने कोणी देत नाही. मात्र टर्म विमा हातात आल्याशिवाय जुनं कव्हर सोडू नका, हप्त्याच्या तारखेनंतर सहसा महिनाभर ग्रेस, म्हणजे जादा मुदत, असते, तेवढ्यात मेडिकल उरकून घ्या.

हुश्श. आता तुमचा प्रश्न.

८ लाखांचं लोन, १३ टक्के, ५ वर्षं. हप्ता १८,२००, एकूण परतफेड १०.९ लाख, प्रोसेसिंग फी वेगळी. तीन दिवसांचं लग्न साठ महिने फेडायचं. पत्रात यावर दोन युक्तिवाद आहेत. पहिला (हा पण मित्राचाच असावा असा मला दाट संशय आहे) की फंड १५ टक्के देतात आणि लोन १३ चं, म्हणजे फंड न मोडता २ टक्के फायदाच. १३ टक्के करारावर सही करून द्यायचे आहेत, १५ टक्के कोणी सही करून दिलेत का? दुसरा असा की आहेरातून चार-पाच लाख येतीलच, त्यातून निम्मं लोन लगेच फेडू. आणि पीडीएफच्या पान ८ वर, मोगऱ्याच्या नक्षीत: "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर, कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत." आधी आपसात ठरवा काय ते! आलाच आहेर तर लग्नानिमित्त मिळालेल्या भेटीवर टॅक्स नाही, खुशाल घ्या, पण बजेटमध्ये त्याचा रकाना शून्यच ठेवा.

लोन नको. ८ लाखांची फोड करू. तिचे परत येणारे दीड लाख, जरा कापून येतील पण गोल धरू, आणि त्याच्या न भरायच्या हप्त्याचे दीड, झाले ३. राहिले ५.

आता शुक्रवार. मुक्कामाला १२० माणसं, ५० खोल्या, ६ हजारांच्या भावाने एका रात्रीचे ३ लाख. शुक्रवारचं रात्रीचं जेवण आणि शनिवारचा नाश्ता माणशी ९०० धरून आणखी १ लाख. म्हणजे शुक्रवार पडतो ४ लाखांना, आणि शुक्रवारी कार्यक्रम काय, तर आठवणींची मैफल. मला सांगा, तुमच्या पुरुषोत्तमच्या तालमीत कोण कोणावर चिडलं होतं हे ऐकायला नवरदेवाच्या आत्याबाई ताम्हिणी उतरून एक रात्र आधी येणारेत का? त्यांना शनिवारी हळदीला बोलवा. नातेवाईक मंडळी शनिवारी दुपारी आली तरी काही बिघडत नाही, उलट नोकरीवाल्यांची एक रजा वाचते.

पण ती रात्र मी रद्द करा म्हणणार नाही. पान ५-६ वाचल्यावर एवढं कळतं की तुम्हा दोघांसाठी या तीन दिवसांत तीच रात्र महत्त्वाची आहे, विधी दोन्ही घरच्यांसाठी आहेत. मग ती तुमच्या ३० जणांच्या गँगपुरती ठेवा. १० खोल्या, तीन-तीन जण, ६० हजार, जेवण-नाश्त्याचे २७ हजार, धरा ९० हजार. एका खोलीत बारा जण झोपलेली माणसं आहेत ती, त्यांना दोघांत एक सी-फेसिंग खोली कशाला पाहिजे? वाचले ३.१ लाख. राहिले १.९.

हे फंडातून काढा. साडेनऊ लाखांचे फंड आहेत, त्यात नफा २.७ लाख, म्हणजे २ लाख काढले तर त्यात नफा साधारण ५५-६० हजार. एक वर्षापेक्षा जुनी युनिट्स असतील तर इक्विटी फंडांचा १.२५ लाखांपर्यंतचा नफा वर्षाला करमुक्त आहे, त्यामुळे टॅक्स शून्य. गरज पडली तर याच हिशोबाने साधारण ४.४ लाखांपर्यंत काढता येतील, टॅक्स न लागता, आणि फंड दोघांच्या नावावर वाटलेले असतील तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी. ही जास्तीची जागा मी मुद्दाम सोडलीये, कारण रिसॉर्टच्या कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय की नाही हे पत्रावरून कळत नाही. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्केच आहे, पण हॉल आणि जेवणाच्या पॅकेजवर १८ टक्के लागला तर दीड लाख असाच वर जातो. आजच फोन करून विचारा. रिसॉर्टवाला म्हणेल अर्धे कॅश द्या, बिल नको, जीएसटी वाचेल. नको. एका समारंभासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त कॅश घेणं त्याच्यासाठी बेकायदेशीर आहे, दंड त्यालाच आहे हे खरं, पण उद्या तारखेचा घोळ झाला तर बिनबिलाच्या पैशासाठी तुम्ही कोणाच्या दारात उभे राहणार?

जी गोष्ट मला फंड मोडण्यापेक्षा जास्त खुपतीये ती म्हणजे बचतीचे सगळे ५ लाख लग्नात चाललेत आणि मार्चमध्ये खात्यात काही उरत नाही. दोघांचे मिळून २ लाख हातात येतात, भाडं ३२ हजार, एसआयपी २५ हजार. पॉलिस्यांचे महिन्याला पडणारे २५ हजार आता मोकळे झाले ना, ते वर्षभर लिक्विड फंडात किंवा एफडीत टाका, ३ लाख जमतील. एसआयपी थांबवू नका. एप्रिलमध्ये २० टक्के हाईक मिळेल असं लिहिलंय, मिळो, मिळाली की बघू. आरोग्य विमा फक्त कंपनीचा आहे, नोकरी सुटली की तोही सुटतो, तेव्हा लग्नानंतर दोघांचा मिळून एकच आरोग्य विमा (फ्लोटर) घ्या, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भरावं लागतं, ते हनिमूनहून आल्या आल्या एचआरकडून करून घ्या.

राहिला मित्र. त्याला कसं सांगायचं हे तिने ताजा कलम म्हणून विचारलंय, वाईट वाटेल का त्याला. वाटेल थोडं. डिसेंबरात टार्गेट डोक्यावर असतं, विकलेली पॉलिसी परत आली की वरून बोलणी बसतात. पण तो वाईट माणूस नाही, त्याच्या बँकेने त्याला जे विकायला दिलं ते त्याने आधी जवळच्यांना विकलं, कारण जवळचे कागद वाचत नाहीत. अर्ज पाठवल्यावर तुम्हीच फोन करून सांगा, दुसरीकडून कळू देऊ नका, आणि शुक्रवारची सूत्रं त्याच्याचकडे ठेवा. पीडीएफ अजून सगळ्यांना गेलेली नाही ना? मग पान ६ वरची पॉलिसीची ओळ तेवढी काढा. सेटच्या लाकडाची राहू द्या.