दापोलीत कीटकशास्त्राला येणाऱ्या नव्या पोराला

एमेस्सीला दापोलीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र मिळालंय ना, मग आधी आंब्याच्या बागेतल्या मजुरांशी ओळख कर. प्रबंधावर नाव तुझं आणि सरांचं येईल; पण कुठल्या कलमाला मोहोर आधी फुटला, कुठल्या खोडाशी भिरुडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा, भुसा पडलाय, हे त्यांना चालता चालता दिसतं. मोहोरातला रस शोषणारे तुडतुडे मोजायला ऊन चढायच्या आत जा. फांदीला धक्का लागला की सगळे उडाले, मग कसली मोजणी! मजूर मावशी मोहोर न हलवता कशा वाकून बघतात, ते नीट पाहा.

फळमाशी पकडायचा रक्षक सापळा आपल्याच विद्यापीठाचा. त्यातल्या मिथाईल युजेनॉल या आमिषाकडे फळमाशीचे नरच येतात. माद्या बाहेर मोकळ्या, फळांत अंडी घालायला. म्हणून सापळा भरला की काम झालं असं समजू नकोस. गळलेले आंबे वेचून खोल पुरायला मजुरांबरोबर तूही जा. वास येतो, येऊ दे.

प्रयोगशाळेतले परिचर काका कमी बोलतात. नमुन्याच्या बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिही, अल्कोहोलमध्ये पेनची शाई पसरते. हे पुस्तकात नंतर सापडेल, काका पहिल्याच दिवशी सांगतील. विचारलंस तर.